टिकली सापडल्याची दवंडी

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटलेत? एक जण पापण्यांच्या फटीतून बघतोय, ते मला ठाऊक आहे. असू दे.

आता असं समजा, की तळेगाव दाभाड्याच्या स्टेशनावर आगगाडीतून उतरून तुम्ही चाकणच्या रस्त्याने चालत निघाला आहात. आज त्या रस्त्यावर दिसणाऱ्या कारखान्यांच्या भिंती, ट्रकच्या रांगा, गोदामं, सगळं पुसून टाका. पाटी पुसतो तसं, अगदी कोपऱ्यापर्यंत. आपली गोष्ट १९५५ सालची. तिकडे पिंपरीला औषधांचा कारखाना नुकता सुरू झाला होता, पण इकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काढणी झालेली बाजरीची रानंच रानं. इंद्रायणी ओलांडली की नदीकाठी चिंचेची जुनी झाडं. आणि त्या झाडांखाली, अबब, केवढी माणसं!

दिवाळी होऊन थंडी पडू लागली की त्या चिंचांखाली तीन दिवस ख्रिस्ती मंडळींचा मेळा भरत असे. कोणी नगरकडून बैलगाडीने येई, कोणी पुण्याहून आगगाडीने. बरोबर पिठाची डबडी, वाकळा, ढोलकी आणि झांजा. ज्याला जे झाड आवडेल त्याखाली त्याचं बिऱ्हाड. मधोमध कापडाचा मोठा मांडव, आणि मांडवात सकाळ-दुपार भजनं, कीर्तनं आणि उपदेश. रान होतं दौलतरावांचं. दौलतराव गावातले जुने शेतकरी, कपाळाला बुक्का लावणारे. त्यांच्या वडिलांनी एका वर्षी हे रान मेळ्याला दिलं, आणि मग ती रीतच पडली. तीन दिवस पाण्याचे रांजण भरलेत की नाहीत हे दौलतराव स्वतः फिरून बघत. "पाव्हणं माज्या रानात हायेत," म्हणत, "तहानलं तर नाव माजं जायचं."

त्या वर्षी मेळ्यात एक नवी वस्तू आली होती. लाउडस्पीकर! पुण्याहून हिंदुराव नावाचा माणूस मोटारीची बॅटरी, माईक आणि पितळी रंगाचा भलामोठा कर्णा घेऊन आला होता. कर्णा त्याने सगळ्यांत उंच चिंचेच्या शेंड्याला बांधला. मांडवात कोणी नुसतं खाकरलं, तरी ते पलीकडच्या टेकडीपर्यंत ऐकू जायचं.

आता मांडवाकडून नजर जरा वर न्या. खालच्या रानात ही माणसं, आणि दौलतरावांच्याच वरच्या रानात मेंढरं. त्या दिवसांत घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरायला निघत. वाटेत शेतकरी त्यांना म्हणत, "आमच्या रानात दोन दिवस मेंढरं बसवा." मेंढरं रानात बसली की लेंड्यांचं फुकट खत मिळतं, आणि धनगराला त्या बदल्यात धान्य. धनगरांच्या अशा मुक्कामाला वाडा म्हणतात. दगडविटांचा नव्हे बरं का! दोन घोडी, थोडी भांडी, घोंगड्या, एक कुत्रा, कोंबड्या, एक-दोन शेळ्या आणि मेंढरं. उठला की चालू लागणारा वाडा.

हा वाडा होता चिमाजीचा. आणि चिमाजीची मुलगी ठकू, नऊ वर्षांची, त्या दुपारी टेकडीवर उभी राहून रडत होती.

तिचं मेंढरू हरवलं होतं.

चिमाजीची मेंढरं एकशेवीस. पण त्यातलं एक ठकूचं स्वतःचं. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव टिकली. टिकलीची आई ती जन्मली त्याच दिवशी मेली. तेव्हा ठकूने तिला शेळीच्या दुधात चिंधी बुडवून पाजलं, पोटाशी घेऊन निजवलं. आता टिकली आठ महिन्यांची झाली होती, पण अजून स्वतःला माणूस समजत होती. सकाळी मेंढरं नदीवर पाण्याला नेली, परत आणून मोजली, तर एकशेएकोणीस.

चिमाजीने दोन तास शोधलं. मग तो म्हणाला, "ठके, आता लांडग्यानं न्हेलं आसंल नाय तर नदीनं. ऊन कललं की वाडा हलायचा. तळेगावच्या म्होरं पाणी हाय तितं मुक्काम गाठायचा हाय. एका मेंढरापायी एकशेएकोणीस थांबवता येत न्हाईत."

"आन् ती मागनं आली तर? आपण इतं नसलो तर?"

 चिमाजी घोड्यांवर सामान लादू लागला. ठकू त्याला न सांगता टेकडीवर आली होती. ऊन कलायला फार वेळ नव्हता.

तेवढ्यात झाडाच्या शेंड्यावरून आवाज आला, खणखणीत:

"ऐका हो ऐका! त्याचं मेंढरू हरवलं होतं! एकच मेंढरू! रानोमाळ शोधलं त्यानं! आणि सापडलं हो, सापडलं! या सगळे, आनंद करा!"

ठकूने डोळे पुसले. पुन्हा आवाज आला, "हरवलेलं मेंढरू सापडलं!"

आता तुम्ही म्हणाल, हा तर मांडवातला उपदेश. तुम्हाला माहीत आहे, ठकूला कुठे माहीत होतं? तिने जन्मात लाउडस्पीकर पाहिला नव्हता. तिला एवढंच ठाऊक होतं, की गावात कुणाचं जनावर हरवलं किंवा सापडलं, की दवंडी पिटतात. गावभर ऐकू जाईल असं जे ओरडून सांगतात, ती दवंडी. आणि दवंडीत कोणी खोटं सांगत नाही.

ठकू टेकडीवरून जी सुटली, ती थेट मांडवात. बसलेल्या बायकांच्या मधून, ढोलकीवरून उडी मारून, ती व्यासपीठासमोर जाऊन उभी राहिली. पायाला माती, केसांत कुसळं, हातात तिच्याहून उंच काठी.

"कुटं हाय?" ती धापा टाकत म्हणाली.

व्यासपीठावर उपदेश करत होते ज्योतीराम साळवे. साठीचे, उंच, पांढऱ्या फेट्याचे. ते थांबले. "कोण कुठं आहे, बाळ?"

"माजं मेंढरू. सापडलं म्हून सांगितलं न्हवं? द्या."

माईक चालूच होता. ते "द्या" कर्ण्यातून साऱ्या शिवारावर गेलं. दोन हजार माणसं आधी गप्प झाली, मग खो-खो हसली.

ज्योतीरामांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि ते खाली वाकले. "अगं, ती गोष्ट होती. येशूनं सांगितलेली. एका मेंढपाळाची शंभर मेंढरं होती..."

"आमची एकशेवीस हायत. पर हरवलं एकच."

"बरोबर. पण मी बोलत होतो ते मेंढरू... म्हणजे ते खरं मेंढरू नव्हे. ते आपलं माणसाचं..."

"तुमी कोन?" ठकूने विचारलं.

"मी या मंडळीचा पाळक."

ख्रिस्ती मंडळींत उपदेश करणाऱ्याला, मंडळीची काळजी वाहणाऱ्याला पाळक म्हणतात. पण ठकूला पाळक म्हणजे मेंढपाळ, आणखी काय? तिने मांडवाच्या कडेला नजर टाकली, झाडांखाली पाहिलं. "मंग तुमची मेंढरं कुटं हायत?"

ज्योतीरामांनी जरा ओशाळून समोरच्या गर्दीकडे हात केला.

"ही?" ठकू म्हणाली. "ही तर मान्सं हायत!"

आता तर ढोलकीवाला हसून हसून मागे पडला. पण ठकू हसली नाही. "मंग सापडलं म्हून दवंडी कशाला दिली?" ती म्हणाली. "मी पळत आले. आमचा वाडा निघालाय."

आणि ती रडू लागली.

हसणं थांबलं. ज्योतीराम व्यासपीठाच्या पायरीवर ठकूच्या शेजारी बसले. चाळीस वर्षं ते ही गोष्ट सांगत आले होते, आणि चाळीस वर्षांत कोणी त्यांच्याकडे मेंढरू मागायला आलं नव्हतं. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. टिकली, शेळीचं दूध, सकाळचं पाणी, एकशेएकोणीस. मग ते उभे राहिले.

"मंडळी," ते म्हणाले, "उपदेश राहिला तिथं राहू द्या. पोरीचं मेंढरू शोधायचंय."

क्षणात दोन-तीनशे माणसं उठली. तरुणांनी धोतरं वर खोचली. कोणी म्हणालं आम्ही नदीकडे जातो, कोणी म्हणालं आम्ही ओढ्याला. एकाने झांजा उचलल्या, कशासाठी ते त्यालाच ठाऊक. तेवढ्यात रांजणापाशी उभे असलेले दौलतराव पुढे आले.

"आरं, मेंढरू धुंडताय का वाघासाठी रान उठवताय?" ते ओरडले. "एवढी मान्सं हाळी देत सुटल्यावर ती बिचारी पळंल न्हाई तर काय करंल? नदीत जाईल सरळ!"

"व्हय," ठकू नाक पुसत म्हणाली. "ती परक्या हाळीला येत न्हाई. माज्याच हाळीला येती. पर सकाळपासनं इतं ढोलकं चाललंय, गानं चाललंय. माजी हाळी तिला ऐकू जाईना, तिचं वरडनं मला ऐकू येईना."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. ढोलकीवाल्याने ढोलकी हळूच मांडीआड सरकवली.

ज्योतीराम हिंदुरावाकडे वळले. "या पोरीला माईकपुढं उभं करायचं."

"छे छे, साहेब!" हिंदुराव दोन्ही हात पसरून माईकच्या पुढे उभा राहिला. "पुण्याची मशीन आहे. लहान पोरांचं काम नाही. आत काही तुटलं तर?"

"आवाजानं तुटतं होय? मग माझ्या उपदेशानं सकाळीच तुटायला हवं होतं."

हिंदुराव बाजूला झाला, पण एक बोट त्याने माईकवर ठेवलंच.

आता सगळ्यांत कठीण काम होतं. दोन हजार माणसांनी गप्प बसायचं. मुलांनो, तुमच्या वर्गातली चाळीस जणं गप्प बसायला किती वेळ लागतो ते आठवा, म्हणजे कळेल. बायकांनी तान्ह्या पोरांना पदराखाली घेतलं. चहावाल्याने स्टोव्ह विझवला. एका आजोबांना खोकल्याची उबळ आली, ती त्यांनी उपरण्यात कोंबली. एक पोरगा मोठ्याने म्हणाला, "आई, आता बोलू का?" आणि त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग इतकी शांतता झाली, की चिंचेची पानं गळताना ऐकू यावीत.

ठकूने जीभ टाळूला लावली आणि हाळी दिली. "ट्रर्रर्र... ये गं टिकले, ये!"

कर्ण्यातून तिचा तो आवाज एवढा मोठा होऊन बाहेर पडला, की तीच घाबरून दोन पावलं मागे सरली. "ह्यो कुनाचा आवाज?"

"तुझाच," ज्योतीराम हळू म्हणाले. "पुन्हा दे."

"ट्रर्रर्र... ये गं टिकले, ये!"

हाळी टेकडीला धडकून परत आली. काहीच नाही. दूर एक टिटवी ओरडली. ठकूने मावळतीकडे पाहिलं. ऊन कललं होतं. वरच्या रानात घोडी भरून झाली असतील. तिने डोळे गच्च मिटून पुन्हा हाळी दिली, या वेळी आवाज जरा फाटला.

"ट्रर्रर्र... टिकलेऽ!"

"बेंऽऽ!"

दोन हजार माना एकदम वळल्या. आवाज टेकडीकडून नव्हता, नदीकडूनही नव्हता. तो आला मांडवामागे सोडलेल्या बैलगाड्यांमधून.

"बेंऽऽ! बेंऽऽ!"

ठकू धावली. तिच्या मागे ज्योतीराम, त्यांच्या मागे दौलतराव, आणि मग सगळेच. शेवटच्या गाडीत, सावलीला, एक म्हातारी बसली होती. सुभद्राबाई. शिरूरकडच्या. त्यांना गेली तीस वर्षं काडीचंही ऐकू येत नव्हतं. त्यांच्या मांडीवर वाकळेत गुंडाळलेलं काळं मेंढरू होतं. पायाला हळद लावून चिंधी बांधलेली, तोंडाला भाकरीचे कण. आणि कपाळावर पांढरा ठिपका.

टिकलीने ठकूला पाहिलं मात्र, वाकळेसकट गाडीतून उडी मारली. लंगडत, वाकळ फरफटत ती ठकूच्या अंगावर येऊन आदळली, आणि दोघी मातीत लोळल्या.

एवढी माणसं धावत आलेली पाहून सुभद्राबाई गोंधळल्या. "काय झालं रे?" त्या मोठ्याने म्हणाल्या. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा. "सकाळी कुंपणाच्या काट्यात अडकलं होतं बिचारं. पाय खरचटलेला. म्हटलं, कुणाचं तरी असेल, येईल शोधत. या पोरीचं होय? वेडी गं, उशीर केलास किती!"

ज्योतीरामांनी फेटा काढून कपाळाचा घाम पुसला. "म्हणजे मी सापडलं म्हणून सांगत होतो, तेव्हा ते खरंच सापडलेलं होतं," ते म्हणाले. "आमच्याच गाडीत होतं. फक्त मला ठाऊक नव्हतं."

"पाळकसाहेब," दौलतराव म्हणाले, "तुमची दवंडी खरी निगाली बगा."

इतक्यात गर्दीतून वाट काढत चिमाजी आला. फेटा सुटलेला, पाय रक्ताळलेले. कर्ण्यातून आपल्या पोरीचा आवाज ऐकून तो काटेकुटे न बघता धावत सुटला होता. ठकूला पाहताच त्याने तिला दंडाला धरून उभं केलं. आता मारणार, असं सगळ्यांना वाटलं. पण त्याने तिला नुसतं चाचपून पाहिलं. डोकं, हात, पाठ.

"झाडावरनं वरडत हुतीस का काय तू?" तो म्हणाला.

"बाबा, आपली मेंढरं?"

"हायत रानात. कुत्र्याच्या भरवशावर सोडून आलो."

"सगळी? एकशेएकोणीस?"

"मंग?" चिमाजी खेकसला. "मेंढरं मोठी का पोर मोठी?"

ज्योतीराम गाडीच्या जोखडावर टेकले. त्यांचा जो उपदेश अर्धा राहिला होता, तो त्यांनी पुढे केलाच नाही. कोणी मागितलाही नाही. ढोलकीवाल्याने ढोलकी आणली, झांजावाल्याला आता कुठे झांजांचं काम मिळालं, आणि तिथेच गाड्यांमध्ये भजन सुरू झालं. बायकांनी ठकूच्या घोंगडीच्या खोळीत भाकरी आणि गुळाचे खडे कोंबले. दौलतराव चिमाजीला म्हणाले, "आजचा दिस ऱ्हावा की. दमलेलं मेंढरू, दमलेली पोर. माजं वरचं रान काय पळून चाललंय?" चिमाजीने मावळतीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि मान डोलावली.

"पण एक काम राहिलं," ज्योतीराम ठकूला म्हणाले. "तुझं मेंढरू हरवलंय हे साऱ्या शिवाराला कळलं. ते सापडलं, हेही कळायला हवं की नाही?"

मग ठकू पुन्हा माईकपुढे उभी राहिली. या वेळी हिंदुरावाने स्वतः माईक तिच्या उंचीला खाली केला. तिने एकदा कर्ण्याकडे पाहिलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडली:

"ऐका हो ऐकाऽ! चिमाजी धनगराच्या ठकूची टिकली सापडली होऽ! सुभद्रा आज्जीला सापडली!"

नदीपलीकडच्या रानात काम करणाऱ्या माणसांनी ती दवंडी ऐकली. रस्त्यावरच्या गाडीवानाने ऐकली. मांडवातल्या दोन हजार माणसांनी ऐकली आणि टाळ्या वाजवल्या.

एका माणसाला मात्र ती ऐकू आली नाही.

ठकू टिकलीला घेऊन गाडीपाशी परत आली, तेव्हा सुभद्राबाई वाकळेची माती झटकत होत्या. ढोलकी बघून त्यांची मान तालात हलत होती.

"आज्जी, तुमाला ऐकू येत न्हाई, तर मेळ्याला येता कशापायी?" ठकूने विचारलं आणि कानाला हात लावून दाखवला.

म्हातारीला खूण कळली. "दिसतं ना मला!" ती हसली. "माणसं गातात, तोंडं हलतात, डोळे पुसतात. पुष्कळ आहे तेवढं." मग तिने टिकलीच्या कपाळावरच्या ठिपक्याला बोट लावलं. "ही पण सकाळपासून तोंड उघडत होती सारखी. काय म्हणत होती कोण जाणे. आवाज कसा गं हिचा?"

आता आवाज कसा, हे ऐकू न येणाऱ्याला कसं सांगायचं? तुम्ही सांगून बघा बरं.

ठकूने थोडा विचार केला. मग ती टिकलीला घेऊन गाडीत चढली. तिने सुभद्राबाईंचा सुरकुतलेला हात धरला, तो टिकलीच्या गळ्याखाली, अगदी लोकरीच्या आत नेऊन टेकवला आणि वरून आपला हात दाबून धरला. मग टिकलीच्या कानाशी तोंड नेऊन तिने हळूच हाळी दिली.